योग्य वाटेल ते

"चार वर्षं फसवलंत तुम्ही मला," असं म्हणत तिने दोन पगारपत्रकं साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. "एक माझं, एक समोर बसतो त्याचं. काम तेच, पानं तीच. त्याला माझ्या दीडपट! वर त्याच्या नजरेतून सुटलेल्या चुका मी काढते."

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. छापखान्यातली ही मुद्रितशोधक बाई आजवर आवाज चढवून बोलली नव्हती. त्यांनी कपाटातून तिची फाईल काढली, पहिलंच पान उघडलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

अपेक्षित पगार. त्यापुढे तिच्याच वळणदार अक्षरात : 'आपणांस योग्य वाटेल तो.'

"आम्हाला तेवढाच योग्य वाटला. यात फसवलं कुठे?"

उत्तर बिनतोड होतं आणि हलकटही.

"बरं, आता सांगा. किती हवा?"

आकडा तिने पाठ करून आणला होता. डबा खाताना त्या समोरच्याने तिच्याकडून तो तीनदा म्हणवून घेतला होता. तो भाजीवालीचा मुलगा. सात वर्षांचा असल्यापासून आई त्याला गाडीपुढे उभं करून भाव ओरडायला लावायची. "मोठ्याने सांग मेल्या, चोरीचा माल आहे का?" स्वतःचा पगार सांगताना त्याच्या घशात काही अडकत नसे. पगारपत्रकही त्यानेच तिच्या हातात कोंबलं होतं. "लपवायचं कशाला? लपवून त्यांचंच फावतं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. साहेबांच्या टेबलावरची वाकडी पेन्सिल तिने सरळ केली.

"अठ्ठावीस हजार," ती म्हणाली. आणि लगेच, कुणी ढकलल्यासारखं, "म्हणजे... तुम्हाला जमेल तसं."

साहेब हसले. तीही हसली. मग फाईल मिटली गेली.

घरी न जाता ती थेट वडिलांच्या गाळ्यावर गेली. वडील वेताच्या खुर्च्या विणायचे. बादलीत पट्ट्या भिजत होत्या आणि दारात उभी असलेली एक बाई विणून झालेल्या आरामखुर्चीवर तळवा दाबून पाहत होती.

"सुंदर झालीय हो काका. किती द्यायचे?"

"द्या ना, तुम्हाला योग्य वाटेल ते."

बाईने दोन नोटा काढल्या. जरा थांबून त्यातली एक परत पर्समध्ये घातली. वडील तेव्हा मान वळवून बादलीकडे बघत होते. पैसे घेताना ते नेहमीच कुठेतरी दुसरीकडे बघत. घरात जेवताना पैशाचा विषय काढायचा नाही असा दंडक होता. नऊ वर्षांची असताना तिने एका दुकानात नुसतं "केवढ्याला?" विचारलं, तर दंडाला धरून त्यांनी तिला बाहेर आणलं होतं. याला खानदानीपणा म्हणतात, असं ती इतकी वर्षं समजत आली होती.

खुर्ची गाडीत चढली, गाडी गेली.

"तिने एक नोट परत ठेवली, बाबा."

"असेल काही अडचण."

"अडचण? डिकीत खुर्ची मावेल एवढ्या गाडीतून येते ती!"

"अगं, मागायचं म्हणजे..."

"भीक मागताय का? तीन दिवस बोटं फाडून घेतलीत."

वडिलांनी हातातला वेत ओवायचा टोच्या खाली ठेवला. बोटांच्या भेगांवर अंगठा फिरवत राहिले.

"अण्णा सांगायचे भाव," ते म्हणाले. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. "दारोदार फिरून विणायचे. एका घरी त्यांनी आकडा सांगितला, तर मालकाने आतून सगळ्यांना हाक मारली. या रे, ऐका हा काय मागतोय ते. अण्णांना पुन्हा सांगायला लावलं. सगळे हसले. मी मागे वेताचं भेंडोळं धरून उभा."

"आणि अण्णा?"

"तेही हसले. त्यांच्याबरोबर. निम्म्यात केलं काम." वडिलांनी बादलीतली एक पट्टी उगाच वर काढली आणि पुन्हा बुडवली. "तेव्हाच ठरवलं, आपल्या पोरांवर हे ऐकायची वेळ आणायची नाही."

ती भांडायला आली होती. तोंडाशी आलेलं सगळं तिथेच राहिलं. मग तिने कोपऱ्यातली दुसरी खुर्ची उचलून त्यांच्यासमोर मांडली. बैठक नवी, वीण अजून ओलसर.

"ही कुणाची?"

"दवाखान्याची. उद्या नेतील."

"आज मी न्यायला आलेय. किती झाले?"

"काय पोरखेळ लावलायस!"

"बाबा, इकडे बघा."

त्यांनी मान वर केली. ओठ हलले आणि कडेला सवयीचं, माफी मागणारं हसू यायला लागलं.

"मी हसणार नाही," ती म्हणाली. "सांगा. किती?"