धाकट्याची खूण

मित्रांनो, मी सुई आहे, पण कापड शिवणारी नव्हे. वीतभर लांब, चपटी, पोटात दोरा गुंडाळायला जीभ ठेवलेली अशी मी जाळे विणायची जुनी लाकडी सुई. आता प्लास्टिकच्या रंगीबेरंगी सुया निघाल्या आहेत, एक मोडली की दुसरी हजर. त्यांना कुणी घराणे विचारत नाही. माझ्या अंगावर मात्र घराण्याची खूण कोरलेली आहे. त्या खुणेपायीच आमच्या घराला दृष्ट लागली, असे सगळे धरून चालले होते.

समुद्र खवळला की पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पोव्होआ गावच्या होड्या वाळूवर अडकून पडत. अशाच एका हिवाळ्यात माझा पुढचा मालक बेल्मीरू, त्याच्या वडिलांनी मला घडवले. लाकूड पिवळसर आणि चिवट होते. त्यांनी मला तासले, घासले, माशाचे तेल पाजले आणि शेवटी चाकूच्या टोकाने भाल्याची खूण काढली. आमच्याकडे कोळ्याच्या होडीवर, जाळ्यावर, इतकेच काय थडग्यावरही घराण्याची खूण असते. थोरला मुलगा बापाच्या खुणेला एक रेघ जोडतो, मधला दोन. धाकट्याला ती बिनरेघेची, जशीच्या तशी मिळते, कारण घर आणि म्हातारे आईबाप त्याच्याच वाट्याला येतात.

मला घडवणारा स्वतः धाकटा होता. चाळिशीच्या आतच त्याची पावले बधिर झाली. एकदा त्याची चप्पल वाळूत मागे राहिली आणि तो तसाच पुढे चालत गेला, लोक हसले. मग तो घोड्यासारखा पाय उचलून टाकू लागला, अंगावरचे मांस झडले, पोट बिघडले आणि तो गेला. या दुखण्याला आमच्या किनाऱ्यावर सगळे ‘पावलांचं दुखणं’ म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात. पुढे मी त्याच्या धाकट्याकडे, बेल्मीरूकडे आले. त्यालाही तेच झाले. दोन धाकटे, दोघांची खूण एकच. मग लोकांनी हिशेब जुळवला, की दुखणे खुणेबरोबर जाते.

बेल्मीरूने थोरल्या लेकीला, देओलिंदाला, मला हातात देऊन जाळ्याचे काम शिकवले. अंगणात बसून जाळे पायाच्या अंगठ्यात अडकवायचे, ताणायचे आणि दोऱ्याचे फाटलेले चौकोन भरत जायचे. पोर पहिल्यांदा बसली तेव्हा कुरकुरली, “बाबा, हे रुततंय. दुखतंय.” बेल्मीरू हसला आणि त्याने तिचा अंगठा चोळून दिला. त्याच्या स्वतःच्या अंगठ्याला तेव्हा काहीच कळत नव्हते.

बेल्मीरू गेल्यावर मी त्याच्या धाकट्या मुलाची, इलिदियूची झाले. पण त्याने मला हात लावला नाही. खूण असलेली एकही वस्तू त्याला डोळ्यांसमोर नको होती. त्याने समुद्र सोडला आणि बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला. मी देओलिंदाकडे राहिले.

आता आई कितेरियाचा एकच उद्योग उरला, इलिदियूच्या पावलांवर पाळत ठेवणे. तो झोपला की ती थंड चमचा त्याच्या तळव्याला लावायची. तो दचकून उठायचा.

“आई, अगं माणूस आहेस का हवालदार?”

“दचकलास ना? मग झोप आता. देव पावला.”

“एक दिवस या चमच्यानंच मरेन मी, पावलांच्या दुखण्यानं नाही.”

“तोंड आवर, मेल्या. तपासून घे म्हणते तर तेही नको तुला.”

“काय तपासू? खूण माझी आहे ना? मग झालंच की ठरलेलं.”

तो लग्नाचे नाव काढीत नव्हता. नव्या चपला घेत नव्हता. जेवताना मक्याच्या पावाचा तुकडा हातात धरून स्वतःच्या पायांकडे बघत बसायचा. सगळे घर त्या दोन पायांभोवती जीव मुठीत धरून जगत होते.

आणि मी? मी रोज दुसऱ्याच पायाशेजारी बसत होते.

देओलिंदा संसारी बाई, नवरा दूरच्या बोटीवर, एक मुलगी सालोमे. बंदरावर जाळी दुरुस्त करणाऱ्या बायकांत तिच्यासारखी झटपट कुणी नव्हती. दोरा कितीही ताणा, तिचा अंगठा तसूभर हलत नसे. बायका म्हणत, “देओलिंदाचा पाय म्हणजे खुंटी आहे गं, खुंटी. आमचे अंगठे तासाभरात बोंबलतात.” ती लाजून हसायची. मलाही पूर्वी या कौतुकाचा अभिमान वाटे. मग मला दिसू लागले, की दोरा अंगठ्यात रुतून निळा वळ उठतो आणि ती पाय हलवत नाही. संध्याकाळी ती पावले घासून म्हणायची, “आज मुंग्या फार आल्या बाई. बसून बसून.” पोट बिघडले की सार्डिन मासळीवर खापर फोडायची. कमरेचा पट्टा सैल झाला तर म्हणायची, बरे झाले, बारीक झाले.

मित्रांनो, हे मी आधी दोन माणसांच्या बाबतीत पाहिले होते. माझा जीव टांगणीला लागला. पण लाकडाला तोंड नसते.

वापरून वापरून माझ्या टोकाला चीर गेली होती. एका दुपारी दोरा बदलताना देओलिंदाने मला खाली ठेवले आणि बोलता बोलता पाऊल माझ्यावरच टेकले. माझे फुटके टोक तिच्या तळव्यात घुसले. मी वाट पाहिली. आता ती ओरडेल, आता पाय झटकेल, मला शिवी देईल. ती शेजारणीला सालोमेच्या शाळेची गंमत सांगत होती. सांगून झाल्यावर हसली आणि हसताना तिने पाऊल आणखी दाबले. माझ्या आयुष्यात इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

इलिदियू जेवणाचा डबा घेऊन आला, तो जागीच थबकला.

“ताई, जाळ्याला रक्त कसलं?”

“माशाचं असेल.”

“नवं जाळं आहे ते, अजून पाण्यातच गेलं नाही. पाय उचल.”

“काय नाटक रे तुझं—”

“ताई, पाय उचल आधी.”

तिने पाय उचलला. मी तिच्या तळव्याला चिकटून वर आले. देओलिंदा माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू ते पाऊल दुसऱ्याच कुणाचे होते. इलिदियूने मला उपसले. त्याने मला हात लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

काय रुतले ते दाखवायला त्याने मला रुमालात गुंडाळून घेतले आणि ताईला पोर्तू शहरातल्या इस्पितळात नेले. डॉक्टरबाईंनी देओलिंदाची पावले तपासली, गरम-गार विचारले, बराच वेळ घेतला. मग घरात कुणाकुणाला झाले होते ते विचारले.

“बाबांना आणि आजोबांना,” देओलिंदा म्हणाली. “दोघंही धाकटे. खूण धाकट्याकडे जाते ना आमची. आता याच्याकडे आहे.”

“बाबांना भावंडं?”

“लुदोविना आत्या होती. ती पोटाच्या विकारानं गेली, पार खंगून.”

“चालायची नीट?”

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिले. इलिदियू हळूच म्हणाला, “शेवटी खुर्चीतच असायची. पण ती धाकटी नव्हती.”

“खूण धाकट्याला द्यायची ही तुमची रीत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “रक्ताला ती रीत कुणी शिकवली?”

मग त्यांनी समजावून सांगितले. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. बेल्मीरूच्या दोनपैकी एक बिघडलेली होती. कुठल्या लेकराला कुठली जाणार, हे प्रत्येकाच्या वेळी नव्याने ठरते. तिथे थोरला-धाकटा नाही, मुलगा-मुलगी नाही. बिघडलेली प्रत आली, तर यकृत जे प्रथिन बनवते ते धड राहत नाही. ते सुटे होते आणि ओढ्यातल्या गाळासारखे नसांमध्ये साचते. सर्वांत लांब नसा पावलांपर्यंत जातात, म्हणून आधी पावले जातात.

“औषध?” इलिदियूने विचारले.

“तुमच्या आजोबांना काहीच नव्हतं. वडिलांच्या वेळी यकृत बदलायचे. आता गोळी आहे, ती त्या प्रथिनाला सुटं होऊ देत नाही. इंजेक्शनंही आलीत, ती यकृताला चुकीचा निरोप पोचूच देत नाहीत. पण गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. आहे ते राखायचं. म्हणून तर लवकर यायचं असतं.”

दोघांचे रक्त घेतले. निकाल येईपर्यंतचे दिवस मी खिडकीत काढले. कुणी जाळे विणले नाही. कितेरिया रोज मेणबत्ती लावायची, पण कुणासाठी लावायची हेच तिला ठरवता येईना. 

निकाल आला. बिघडलेली प्रत देओलिंदाकडे होती. इलिदियूकडे नव्हती.

त्याला आनंद झाला नाही. तो ओट्यावर बसून रडला. “आई, जन्मभर तुम्ही माझ्याच पायांकडे बघत बसलात. मीही तेच केलं. आणि ही इथंच शेजारी बसली होती.”

म्हातारीने चमचा फडताळात टाकला आणि म्हणाली, “चुकीच्या लेकराला लावत राहिले गं मी चमचा.”

“पुरे आता,” देओलिंदा म्हणाली. “मी मेलेली नाही. सूप वाढा, गोळी घ्यायचीय मला.”

त्या दिवसापासून ती औषध घेते. वळ उठू नये म्हणून जाळे आता खुंटीला अडकवते, आणि रोज आरशात तळवे निरखते. दुखणे जिथे होते तिथेच थांबले आहे. डॉक्टरबाई म्हणतात, हे फार आहे. इलिदियूने माझे फुटके टोक घासून गोल केले आणि खूण पुसट झाली होती ती चाकूने पुन्हा कोरली. आता त्या खुणेवर त्याचा राग नाही.

परवा सालोमे अंगणात येऊन बसली. ती आता मोठी झाली आहे, स्वतःच्या मर्जीने तपासणी मागण्याच्या वयाची. “मलाही शिकव,” म्हणाली आणि आजी नको नको म्हणत असताना तिने जाळे अंगठ्यात अडकवले. दोरा ताणला.

“आई, हे रुततंय. दुखतंय.”

कितेरियाच्या डोळ्यांत पाणी आले. “दुखू दे बाळा, दुखू दे,” म्हणत तिने नातीला जवळ घेतले. इलिदियू हसला. देओलिंदा हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले. याच अंगणात हेच शब्द तिने उच्चारले होते, तिचाही अंगठा तेव्हा दुखलाच होता, हे तिला आठवत होते आणि मलाही.

“सालोमे,” ती म्हणाली, “घाई नाही. पण तुला इस्पितळात जाऊन यावंसं वाटलं, की मी बरोबर येईन.”

पोरीने जाळे अंगठ्यातून सोडवले आणि वळ चोळत बसली. “उद्या ठरवते,” म्हणाली.

मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसा, तेल पाजा, एवढे मी मागू शकले असते. पण मला ते नको. तुमच्या घरात जो कधीच कण्हत नाही, ज्याचे सगळे कौतुक करतात, त्याची पावले एकदा उचलून बघा.