शेवटचं नाव संघाबाहेर

मार्तंड सर पुण्याला कुठलंसं शिबिर करून आले आणि हुडकेश्वरच्या त्यांच्या सोलरच्या ऑफिसचं पार मैदान झालं. खेळाडू जसा सराव करतो तसा धंदा केला की माणूस हरतच नाही, असं तिथं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. झालं! दुसऱ्या दिवसापासून पहाटे सगळ्यांनी धावायचं. मग ऑफिसात आदल्या दिवशी गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं मोबाइलवर पुन्हा ऐकून चुका काढायच्या. मनगटावर नाडी मोजणारे पट्टे आले, भिंतीवर पांढरा फळा आला. ज्यानं जास्त कामं आणली त्याचं नाव वर, आणि महिनाअखेर ज्याचं नाव तळाला तो संघाबाहेर. म्हणजे त्याची नोकरी गेली, असं सरळ मराठीत कुणी म्हणत नव्हतं एवढंच.

दीक्षाला सरांनी कॅप्टन केलं, कारण ती एके काळी विद्यापीठाकडून खो-खो खेळली होती. आता चाळिशीला टेकलेली बाई. घरात आई तुळसाबाई आणि शाळेत जाणारी लेक, कमावणारी ही एकटी. सरांना वाटलं, आयती खेळाडू मिळाली. हिला वाटलं, मेली मी आता. कारण खेळाडूंचं सगळं सरांनी उचललं होतं, आराम तेवढा पुण्यातच विसरून आले होते. तिचे कोच सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानात पाय ठेवू देत नसत. इथे रविवारीसुद्धा फोन, "कॅप्टन, कहाँ हो?"

आणि एप्रिलचं ऊन. दिवसभर लोकांच्या गच्च्या चढायच्या, मोजमाप घ्यायचं, उतरायचं, पुन्हा दुसरी गच्ची. कधी कधी तिला कुणाच्याही जिन्यात बसून घ्यावंसं वाटे, आणि उठूच नये असं वाटे.

"काय करून राहिली वं तू?" तुळसाबाई एकदा तिच्या पायांना तेल लावता लावता म्हणाल्या. "नोकरी करून राहिली का पोलीस भरती?"

दीक्षाला हसायचं होतं, पण तेवढ्यात तिला झोप लागली.

फळ्याच्या तळाला रोशनचं नाव होतं. तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, घरी तान्हं बाळ. रोज आल्या आल्या "जयभीम ताई" म्हणायचा आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. त्याला धावाधाव जमत नव्हती. गिऱ्हाइकाकडे गेला की चहा घेत, घरच्यांची विचारपूस करत बसायचा. "तू पिकनिकला येतो का रे?" असं सर सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि तो बिचारा मान खाली घालायचा.

दीक्षाचंही काही फार बरं चाललं नव्हतं. कोराडी रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीमागे ती महिना-दीड महिना लागली होती आणि त्या नादात बाकीची कामं मागे पडली होती. तिथल्या सेक्रेटरी यमुताई, निवृत्त मुख्याध्यापिका. चहा देत, नीट ऐकून घेत आणि शेवटी "पाहू" म्हणत. बिलाची बचत सांगून झाली, सबसिडी सांगून झाली, हमीचा कागद दाखवून झाला. पाहू!

एका दुपारी त्या गच्चीवरच दीक्षाच्या लक्षात आलं, आपण एकाच दिशेनं धावून राहिलो. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही. गडी पाठीमागून निसटला की ओळीत बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर थाप मारायची, 'खो' म्हणायचं, त्यानं उठायचं आणि आपण त्याच्या जागी बसायचं. जो वेळेवर खो देत नाही तो नुसता दमतो, गडी काही त्याच्या हाती लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती रोशनला घेऊन गेली. त्यानं फाइल उघडलीच नाही. गच्चीभर हिंडला आणि म्हणाला, "मावशी, इथं कुरड्या कोण वाळवते जी?"

यमुताईंचा चेहराच बदलला. सगळ्या सोसायटीच्या बायका उन्हाळ्यात तिथंच कुरड्या-पापड घालत होत्या, आणि पॅनल आले की गच्ची गेली ही त्यांची खरी धास्ती होती. "आता एवढी शिकलेली बाई मी," यमुताई हसत म्हणाल्या, "पापडासाठी सोलर नको, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

रोशननं खिशातून खडू काढला. इथपर्यंत पॅनल, हा सगळा कोपरा तुमचा, असं त्यानं गच्चीवरच आखून दाखवलं. दीक्षा पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून राहिली. किती तरी दिवसांनी ती काहीच करत नव्हती आणि तिला फार बरं वाटत होतं.

आठवड्याच्या आत सोसायटीची सही झाली. "तुह्या नावावर टाक," दीक्षा म्हणाली.

"अन् तुमी, ताई?"

"सरले मी सांगीन. आपल्या संघाचंच काम आहे ना?"

तिला मुळीच भीती वाटली नाही. गडी बाद झाला की गुण संघाच्या नावावर चढतो, हे ती पोरवयापासून पाहत आलेली. आणि सर तर रोज सकाळी 'टीम, टीम' म्हणून घसा कोरडा करत होते. खेळलेली बाई, तिनं हिशेब खेळाचाच लावला.

महिनाअखेरीला सगळे फळ्यासमोर जमले. रोशनचं नाव सर्वांत वर, दीक्षाचं तळाला. ती बोलायला पुढे सरकली, तोच सरांनी रोशनच्या खांद्यावर हात टाकला. "सांग बे सगळ्यांना, कसं जमवलं?"

रोशननं सांगितलं. कुरड्यांचं सांगितलं, खडूचं सांगितलं, यमुताईंची नक्कल करून दाखवली. लोक खदखदा हसले, टाळ्या पडल्या. दीक्षा थांबली होती. आता म्हणेल, ताईंनी नेलं मला. आता म्हणेल. रोशन थँक्यू म्हणून खाली बसला.

"सॉरी, कॅप्टन," सर म्हणाले. "रूल म्हणजे रूल." आणि बोटानंच त्यांनी तिचं नाव पुसलं.

तिला बोलता आलं असतं. पण आता आपल्याच तोंडानं ते सांगणं म्हणजे नोकरीसाठी पदर पसरणं, असं तिला वाटलं.

खाली स्कूटीपाशी रोशन धावत आला. रडकुंडीला आलेला. "ताई, बाळ लहान आहे जी माह्यं. मले भेव वाटलं. पण तुमी काहून नाही बोलल्या? सरनं तुमचं ऐकलं असतं ना!"

दीक्षाला राग आला होता. बाळ डोळ्यांसमोर आलं तरी तो जात नव्हता, आणि रागावण्याएवढा जीवही अंगात उरला नव्हता. तिनं मनगटावरचा पट्टा सोडून त्याच्या हातात दिला.

"तू बोलशीन म्हणून थांबली होती मी," ती म्हणाली.