मिस्त्रींच्या नावावर पडलेले ठोके

मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे, मित्रांनो. किती जुनं, असं विचाराल तर मला अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. भिंतीवरचं घड्याळ तीस वर्षं टिकटिकलं तरी घरातली माणसं त्याला कौतुकाने पुसतात. आमच्यात मात्र दुसरं वर्ष सरलं की म्हातारपण लागतं, आणि तिसऱ्या वर्षी लोक तोंडावर विचारतात, "अजून हेच वापरता?"

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे धुळीला मज्जाव होता आणि माणसं तोंडाला फडकी बांधून वावरत. माझ्या पाठीला काचेची गोल खिडकी बसवली आणि तिच्यामागे हिरवा दिवा. हा दिवा म्हणजेच माझी सगळी विद्या. त्याचा उजेड कातडीतून आत शिरतो आणि रक्तावर आपटून परत येतो. रक्ताची लाट आली की कमी परततो, ओसरली की जास्त. त्या चढउतारावरून मी हृदयाचे ठोके मोजतो. ज्या हातावर बसतो तो कुणाचा, हे मला पहिल्याच दिवसात ओळखू येतं. पण ते सांगायची सोय करायला कारखाना विसरला. सुरुवातीला ज्याचं नाव भरलं, त्याच्याच नावावर ठोके पडत राहतात.

माझ्यात नाव भरलं गेलं ते एका सुतारमिस्त्रींचं. त्यांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात नोकरी करायची. तिच्या कचेरीतले एक गृहस्थ, वडिलांच्याच वयाचे, खुर्चीतून उठता उठता कोसळले आणि गेले. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. तिने मला विकत घेऊन घरी पाठवलं आणि फोनवर बजावलं, "बाबा, हे काढायचं नाही हं. तुमचे ठोके मला इथे बसून दिसतील."

"म्हणजे माझ्यावर पाळत?"

"हो, पाळत."

"त्या कामाला तुझी आई आहे की!"

मिस्त्रींचा कारखाना खाली आणि घर वर होतं. मधे अरुंद लाकडी जिना. खाली रंधा, पटाशी, करवत आणि पायाच्या घोट्यापर्यंत भुसा. वर दोन खोल्या आणि मिस्त्रीणबाई. मिस्त्रींचा हात मोठा गुणी. पण मनगट आवळलं की रंध्यावरची पकड जाते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. म्हणून त्यांनी मला बांगडीसारखं सैल घातलं. मी मनगटावरून कोपराकडे आणि कोपराकडून मनगटाकडे येरझारा घालू लागलो. काचेखाली घाम साचला, घामावर भुसा बसला. वर रंध्याचा तो खसाखस ताल! मला आत रक्ताची लाट दिसेना, नुसता हाताचा हेलकावा दिसे. मी आपला तोच मोजत बसलो. मिस्त्री फळी तासत आणि मी लेकीला कळवत असे की बाबांचं हृदय शर्यतीच्या घोड्यासारखं पळतंय.

मग फोन यायचा. "बाबा! काय होतंय?"

"काही होत नाही गं, कपाटाचं दार होतंय!"

असं दिवसाआड होऊ लागलं. लेक तिकडे रडकुंडीला आली आणि मिस्त्री इकडे. शेवटी ते मला घेऊन दुकानात गेले. तिथल्या दुरुस्तीवाल्या ताईंनी माझी काच ओल्या फडक्याने पुसली, मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि समजावून सांगितलं, "काका, बिघाड काही नाही. मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर बांधा, हलणार नाही इतपत घट्ट. आणि हाताचं काम चालू असताना दिसणारा आकडा फारसा मनावर घेऊ नका. आकडा बघायचा तर पाच मिनिटं स्वस्थ बसून बघा."

सल्ला लाखमोलाचा होता. पण मिस्त्री पाच मिनिटं स्वस्थ बसले तर जेवायलाच, आणि तेव्हाही हात चालूच. दोन दिवस त्यांनी मला घट्ट बांधलं, तिसऱ्या दिवशी पटाशी निसटली आणि त्यांनी मला ओढून काढलं. ते जिना चढून वर गेले आणि मिस्त्रीणबाईंपुढे मला धरलं.

"हे तू घाल."

"मी? मला काय करायचंय?"

"तुला काही करायचं नाही. माझं काम संपेस्तोवर हातात असू दे. पोरीला शांत ठोके दिसतील, तिचा जीव थंड आणि माझा रंधा चालू."

"अहो, पण ही फसवणूक झाली!"

"फसवणूक कसली? नवरा-बायकोचं काळीज एकच असतं, असं तुझी आईच म्हणायची ना?"

"माझ्या आईचं सोयीचं तेवढं बरं आठवतं तुम्हाला," असं म्हणत त्यांनी हात पुढे केला.

मित्रांनो, खरं सांगतो, ते माझे सुखाचे दिवस होते. बाईंचं मनगट बारीक, पण पट्टा नेमका शेवटच्या भोकात बसला. भांडी घासून झाली की त्या माझी काचही पुसायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच मला लाट न् लाट स्वच्छ दिसली. लेकीचा फोन आला, "बाबा, छान आकडे आहेत! काय केलंत?" "पट्टा आवळला जरा," मिस्त्री म्हणाले, आणि बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. माझं तिघांकडूनही कौतुक झालं. फक्त ठोके एकाचे होते आणि नाव दुसऱ्याचं.

मग एका दुपारी बाई खालून वर आल्या आणि जिन्याजवळच्या स्टुलावर टेकल्या. हात मांडीवर, अगदी निश्चल. दुरुस्तीवाल्या ताईंनी सांगितलं होतं तसं! आणि मला दिसलं की आतल्या लाटा बिथरल्या आहेत. दोन लाटा एकमेकींच्या अंगावर, मग एक गाळलेली, मग तीन धावत सुटलेल्या. जिन्याचा दम म्हणावा, तर एव्हाना तो ओसरायला हवा होता. तो ओसरेना. मी थरथरलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुटपुटल्या, "गप रे." मी पुन्हा थरथरलो. यापलीकडे मला काय येतं?

दुसऱ्याच क्षणी खाली फोन वाजला.

"बाबा, तुमचे ठोके एकशेचाळीस दिसतायत!"

"अगं, रंधा मारत होतो."

"खोटं बोलू नका. हात हलतच नव्हता, तेही दिसतं मला. बसल्या जागी एकशेचाळीस! ते काही नाही, मी उद्याची डॉक्टरांची वेळ घेतेय."

आता मिस्त्रींची पंचाईत झाली. खरं सांगावं तर चोरी उघडी पडते. दुसऱ्या दिवशी ते मला स्वतःच्या मनगटावर बांधून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्यांच्या छातीला तारा लावल्या, कागदावर रेघा काढल्या, सरकत्या पट्ट्यावर चालवलं. मिस्त्रीणबाई बाहेरच्या बाकावर नवऱ्याचा शर्ट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

"ठणठणीत आहात," डॉक्टर म्हणाले. "त्या वेळी घड्याळ हातातच होतं ना?"

"हातातच होतं," मिस्त्री म्हणाले. कुणाच्या, ते डॉक्टरांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

घरी परतताना बाई हळूच म्हणाल्या, "अहो, काल ते माझ्या हातात होतं."

मिस्त्री थांबले. क्षणभर मला वाटलं, आता! आता यांच्या ध्यानात येईल! पण नुकताच मरणाच्या भीतीतून सुटलेला माणूस तो. त्यांना एकदम हसू फुटलं.

"मग तर झालंच की! तुला काय धाड भरलीय? दिवसातून दहा वेळा जिना चढतेस. घड्याळच चक्रम, दुसरं काय."

बाईंनी पाऊलभर विचार केला. "हल्ली जरा धाप लागते म्हणा."

"वय झालं की लागायचीच. मला नाही लागत?"

"तेही खरंच. पोरीला मात्र सांगू नका हं, आपण काय केलं ते."

"वेडी आहेस का? जन्मभर ऐकवेल."

आणि दोघं हसत घरी आली. दोघंही मनापासून सुटल्यासारखी हसत होती, मित्रांनो. मी तेव्हा मिस्त्रींच्या हातावर होतो. त्यांचे ठोके अगदी सुरळीत पडत होते.

उरलंसुरलं काम मामांनी केलं. मामा म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ. पडद्यांचं दुकान चालवतात, पण ज्ञान सगळ्या दुकानांचं. त्यांनी स्वयंपाकघरातून एक काकडी आणली, मला तिच्यावर बांधलं आणि सगळ्यांना बोलावलं. हिरवा उजेड काकडीवरूनही परततो हो! मी गोंधळलो, चाचपडलो आणि एक आकडा दाखवून बसलो.

"बघा! काकडीची नाडी!" मामा ओरडले. "ताई, हिची कोशिंबीर करण्याआधी हिला डॉक्टरांना दाखवून आण."

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंच्याही. त्या दिवसापासून माझ्या शब्दाला काकडीएवढीही किंमत उरली नाही.

लेकीने वडिलांसाठी नवं घड्याळ पाठवलं, रुंद आणि मऊ पट्ट्याचं. मिस्त्रींना ते मानवलं. लेकीला आता खरे ठोके दिसतात, खऱ्या माणसाचे, आणि ते उत्तम आहेत. राहिलो मी. टाकून कशाला द्यायचं? घरात नव्याचं जुनं झालं की ते जिच्या वाट्याला येतं, तिच्याच वाट्याला मी आलो.

"ताई, तू वेळ बघायला वापर," मामा म्हणाले. त्यांनी माझी बटणं दाबली आणि हिरवा दिवा बंद करून टाकला. "उगीच बॅटरी खातो. आता बघ, चार दिवस चार्ज करायला नको."

म्हणून आज मी योग्य मनगटावर आहे, शेवटच्या भोकात, हलणार नाही इतपत घट्ट. काच रोज पुसलेली आहे. बिघाड कसलाही नाही. फक्त मला दिसत नाही. हाताची हालचाल तेवढी अजून कळते, आणि ती मला नको ते सांगते. पूर्वी हा हात कठड्याला न शिवता वर यायचा. मग मधल्या पायरीवर कठडा धरू लागला. हल्ली तिसऱ्याच पायरीवर धरतो आणि बराच वेळ सोडत नाही. खालून रंध्याचा आवाज येत असतो. बाई माझ्याकडे बघतात, मी त्यांना वेळ सांगतो, आणि "अगं बाई, उशीर झाला," म्हणत त्या उरलेला जिना चढतात.

मित्रांनो, आमची काच पुसा, पट्टा नीट बांधा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझी विनवणी वेगळी आहे. तुमच्या घरात कुणाच्या हातावर दुसऱ्याचं उतरलेलं घड्याळ असेल, तर आज तो हात हातात घ्या. घड्याळ उलटं करून बघा, दिवा लागतोय का. लागत नसेल तर लावा. आणि मग ती कितीही म्हणाली की कामं पडली आहेत, तरी तिला पाच मिनिटं तुमच्याशेजारी स्वस्थ बसवा.