घळीच्या तोंडावरचे फाटक

मित्रांनो, फाटकाने आपले आयुष्य सांगायला बसावे, हे माझे मलाच जरा अवघड वाटते. सांगण्यासारखे असते तरी काय? उघडायचे नाहीतर लागायचे, एवढेच आमचे काम. पण एक गोष्ट माझ्या मनात अडकून राहिली आहे. ज्याला ती सांगायला हवी त्याला मला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या दक्षिण भागात, तीन बाजूंनी लाल कडे असलेल्या एका घळीच्या तोंडावर मी उभे आहे. मला रॉस नावाच्या माणसाने घडवले. तेलविहिरीवाल्यांनी टाकून दिलेल्या नळ्या त्याने गाडीत घालून आणल्या आणि एका हिवाळ्यात कापून, जोडून माझे सहा आडवे गज केले. ज्युनिपर झाडाच्या दोन जाड खांबांमध्ये मला बसवले. पण त्याचा खरा जीव होता माझ्या खिटीवर. मला नुसते ढकलून दिले की खिटी आपली आपण खाचेत पडायची. घोड्यावरून न उतरता लावता येईल असे फाटक त्या खोऱ्यात दुसरे नव्हते. शेजारचे रँचवाले, म्हणजे गुरांचे मळे राखणारे, मुद्दाम बघायला यायचे.

रॉसचा धाकटा भाऊ ऑर्व्हल तेव्हा म्हणाला होता, "दादा, तुझ्यापेक्षा हे फाटक बरं. एकदा सांगितलेलं ऐकतं तरी."

मला तेव्हा फार बरे वाटले होते. कौतुक सगळ्यांनाच आवडते, आणि मी तर तेव्हा नवे होते.

त्या मुलखात फाटकांचा एक नियम आहे. फाटक जसे सापडेल तसे ठेवायचे. उघडे दिसले तर उघडे, लागलेले दिसले तर लागलेले. ज्याने ते तसे ठेवले असेल त्याच्या मनात काहीतरी असणार. आपण मध्ये हात घालायचा नाही. तिथली मुले जेवणाआधीची प्रार्थना शिकण्याच्या आधी हा नियम शिकतात. आम्हा फाटकांनाही तो नियम आवडतो. त्यात आमचा थोडा मान आहे.

पुढे रॉस वारला. रँच त्याच्या मुलीकडे, लव्हेलकडे आली. पाऊस कमी झाला, गवत विरळ झाले आणि कळप आटत आटत तेवीस गाईंवर आला. तेव्हा लव्हेलने गुराख्यांच्या जुन्या लाकडी खोल्या झाडूनपुसून काढल्या, ओढ्याकाठी तंबूंसाठी जागा आखली आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. लांबून लांबून लोक कडे बघायला येऊ लागले. त्यांच्या फोनला आमच्याकडे रेंज नसते. लव्हेल त्यांना आधीच एक कागद पाठवायची. त्यावर लिहिलेले असे: लोखंडी फाटक दिसले की डावीकडे वळा. खाली नियमही लिहिलेला असे.

असे मी खोल्या शोधणाऱ्यांची खूण झाले. लोक गाडी थांबवून विचारायचे, "हेच का ते फाटक?" आणि मला टेकून फोटो काढायचे. खोल्यांना दरवर्षी रंग लागायचा, पडदे बदलायचे. मला मात्र रॉसनंतर कोणी रंग दिला नाही. मी गंजले, बिजागरीपाशी थोडे कललेही. हेवा वाटला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

ऑर्व्हलला हा पाहुण्यांचा उद्योग पसंत नव्हता. तो रँचच्या दुसऱ्या टोकाला एकटा राहायचा. एका जुलैत, माझ्या समोरच, काका-पुतणीचे वाजले.

"ओढ्याकाठी आणखी सहा तंबू?" ऑर्व्हल म्हणाला. "उद्या गाईंनाही पडदे शिवशील तू."

"काका, त्या तंबूंवर गाईंचा चारा येतो."

"मग माणसंच पाळ की. गाई कशाला?"

लव्हेल थोडा वेळ माझ्या गजाला धरून उभी राहिली. "बाबांच्या कळपातल्या एवढ्याच उरल्यात," ती म्हणाली. "त्याही गेल्या तर मी कोण, काका? नुसती खोल्या झाडणारी. मग ही रँच नाही, नुसता मुक्काम."

ऑर्व्हलने टोपी खाली ओढली आणि निघून गेला. त्या दिवसापासून दोघांत अबोला होता.

आता मी जे सांगणार आहे ते नीट समजावे म्हणून जागा सांगते. माझ्या आत घळ. तिथे कड्यांची सावली आणि बऱ्यापैकी गवत. त्या वर्षी घळीतला पाझर मात्र आटला होता. माझ्या बाहेर, हाकेच्या अंतरावर, पवनचक्कीवर भरणारा हौद. गाई दिवसभर आत सावलीत राहायच्या आणि ऊन कलले की बाहेर येऊन पाणी पिऊन परत जायच्या. त्यासाठी मी उघडे असणे गरजेचे होते. लव्हेलने मला पूर्ण मागे नेऊन बुडाशी एक धोंडा लावला होता.

भांडणानंतरच्या एका गुरुवारी दुपारी एका पाहुण्याची गाडी उतारावर उभी राहिली. त्याला चाकाखाली लावायला काहीतरी हवे होते. त्याने तो धोंडा उचलला. भला माणूस होता, जाताना मला थोपटूनही गेला. त्याच्या लेखी तो नुसता धोंडा होता.

थोड्या वेळाने घळीतून वारा सुटला. मी कललेले होते, हे सांगितलेच आहे. मी हलले. थांबायचा प्रयत्न केला म्हणावे तर फाटकाला प्रयत्न कसला करता येतो? मी सावकाश फिरले, खांबाशी आले आणि खिटी खाचेत पडली. जिच्यासाठी लोक मला बघायला यायचे तीच खिटी.

गाई सगळ्या आत होत्या.

संध्याकाळी त्या आल्या. माझ्यापाशी थांबल्या. समोर हौद दिसत होता. पाण्याचा वास त्यांना येत असणार. त्या वाट बघत राहिल्या, मग अंधार पडल्यावर परत फिरल्या. उद्या सकाळी कोणीतरी येईलच, असे मी स्वतःला सांगितले.

शुक्रवारी सकाळी ऑर्व्हल आला. त्याने पिकअपमधूनच मला पाहिले. बंद. तो स्वतःशीच म्हणाला, "हलवल्या वाटतं हिनं गाई. सांगायला तोंड दुखतं." गाई तेव्हा वळणापलीकडे सावलीत होत्या. तो गेला.

दुपारी लव्हेल नवी अंथरुणे घेऊन खोल्यांकडे चालली होती. तिनेही मला पाहिले. गाडी क्षणभर मंदावली. मला वाटले, आता उतरेल. पण काकांनीच काहीतरी मनात धरून फाटक लावले असणार, असे तिला वाटले. विचारायचे तर अबोला मोडावा लागणार. आणि नियम तर होताच. तीही गेली.

शनिवारी पवनचक्कीला तेल द्यायला डिलॉय आला. तो गडीमाणूस, फार चांगला, पण घाईचा. त्याने हौदात डोकावून पाहिले आणि खूश झाला. "काठोकाठ आहे," तो म्हणाला. "या उन्हात काठोकाठ." मित्रांनो, त्या कोरड्या मुलखात भरलेला हौद दिसला की माणसाला दुसरे काही सुचत नाही. पाणी कोणी पीत नाही म्हणून हौद भरलेला आहे, हे त्याच्या मनात आले नाही. तो शीळ घालत गेला. दोन गाई तेव्हा वळणावर आल्या होत्या. त्यांच्या घशातून आवाज निघत नव्हता.

मी काय काय सहन केले ते सांगत बसणार नाही. मी लोखंडाचे, मला तहान लागत नाही. पण तेवीस जीव माझ्यामुळे कोंडले गेले होते, आणि मीही त्यांच्याइतकेच कोंडलेले होते. त्यांनी मला ढकलले. रॉसने काम पक्के केले होते. मी हलले नाही. एक काळी गाय माझ्या गजाला जीभ लावून उभी होती. पहाटेच्या गारव्याने गज थोडा ओला झाला असेल तर तेवढेच.

रविवारी तिकडे सगळे चर्चला जातात. रस्त्यावर कोणी नव्हते. ऊन डोक्यावर आले तेव्हा एक पांढरी गाडी आली. त्यातून गॉर्डन आणि आयलीन नावाचे वयस्क नवराबायको उतरले. ते आपली खोली शोधत होते. आयलीनच्या हातात लव्हेलचा कागद होता.

"बघ, फाटक," गॉर्डन म्हणाला. "आता डावीकडे. मी मघापासून तेच सांगतोय."

आयलीन गजांतून आत बघत होती. गाई माझ्याशी दाटल्या होत्या. "यांना काय झालंय?"

"गाई आहेत. बघतायत तुझ्याकडे."

"यांची पोटं आत गेलीत. आणि पाणी इकडे आहे, गॉर्डन. त्या तिकडे आहेत."

"कागदावर काय लिहिलंय? जसं सापडेल तसं ठेवा. बंद सापडलं, बंद ठेवायचं. आपण शहरातली माणसं, उगाच शहाणपणा करायचा नाही. उद्या गाई हरवल्या तर?"

"मी उघडत नाही," आयलीन म्हणाली. "पण विचारायला काय हरकत आहे?"

"आल्या आल्या लोकांना त्रास द्यायचा?"

ती संकोचली. ते मला स्पष्ट दिसले, कारण मीही तसेच आहे. ती गाडीत बसली, गाडी डावीकडे वळली आणि गेली. आता संपले, असे मला वाटले.

पाऊण तास झाला असेल. धूळ उडवत लव्हेलचा पिकअप आला. ती चर्चच्या चांगल्या कपड्यांतच होती आणि तिच्या शेजारी आयलीन बसली होती. तिने शेवटी विचारले होते. मागोमाग, तिची घाई बघून, ऑर्व्हलही आला. लव्हेल माझ्यापाशी धावत आली, आत पाहिले आणि तिने तोंडावर हात धरला. मग तिचा हात खिटीवर पडला.

"थांब," ऑर्व्हल ओरडला. "सगळ्या एकदम सोडशील तर हौदावर चेंगरून मरतील. आणि ढोसून पितील त्याही मरतील. चार-चार. थोडं पाजायचं, हाकलायचं, मग पुढच्या चार." तो आयलीनकडे वळला. "बाई, फाटक धराल का? मी म्हणेन तेवढंच उघडायचं."

"मला गाईंची भीती वाटते," आयलीन म्हणाली.

"त्यांना आज तुमच्याकडे बघायला सवड नाही. धरा."

तिने मला धरले. त्या दुपारी मी जितक्या वेळा उघडले आणि लागले तितके आयुष्यात कधी नाही. चार गाई बाहेर, मी बंद. आतल्या माझ्यावर कोसळायच्या, आयलीन सगळे वजन टाकून मला रेटून धरायची. लव्हेल हौदापाशी कमरेपर्यंत भिजली होती. माझी बिजागरी करकरत होती, पण मी तुटले नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. निदान तेवढे तरी माझ्याकडून व्हायलाच हवे होते.

बावीस गाई प्यायल्या. काळी गाय वळणापाशी आडवी झाली होती. लव्हेलने बादलीने पाणी नेले, टोपीने तिच्या जिभेवर सोडले. ती उठली नाही.

उन्हे उतरल्यावर काका-पुतणी माझ्याच सावलीत बसले होते. आयलीनने त्यांना पाव आणि थंड चिकन आणून दिले होते. कोणी खात नव्हते.

"मला वाटलं, तुम्ही लावलंत," लव्हेल म्हणाली.

"मला वाटलं, तू."

"शुक्रवारी मी गाडी हळू केली होती, काका. विचारावंसं वाटलं. मग म्हटलं, मीच का आधी बोलू?"

ऑर्व्हल आपल्या हातांकडे बघत होता. मग म्हणाला, "तू नाही, डिलॉय नाही. मग मीच लावलं असणार, पोरी. गुरुवारी मी इथनं गेलो होतो का, ते मला आठवत नाही. हल्ली बरंच आठवत नाही."

"काका, असं नका म्हणू."

"दुसरं कोण लावणार?"

मी लावले. मी तिथे, त्याच्या पाठीमागे, एका विताच्या अंतरावर होते. वाऱ्याने लागले, ऑर्व्हल, तू नाहीस. तू गुरुवारी इकडे फिरकलाही नव्हतास. पण त्याला काय ऐकू जाणार?

अबोला मिटला. आता लव्हेल कागदावर नियमाखाली आणखी एक ओळ लिहिते: शंका आली तर विचारा, त्रास होणार नाही. कळप बावीसचा एकतीस झाला आहे. आयलीन दरवर्षी येते. माझ्यासाठी एक साखळीही आली, उघडे असताना बांधून ठेवायला. सगळे ठीक झाले म्हणायचे.

पण ऑर्व्हल रोज संध्याकाळी येतो. साखळी हाताने चाचपतो. पिकअपमध्ये जाऊन बसतो, पुन्हा उतरतो, पुन्हा चाचपतो. कधी रस्त्याच्या वळणावरून परत येतो. परवा लव्हेलने त्याला गाई मोजायला सांगितल्या, तर म्हणाला, "तूच मोज. माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही." ज्याने त्या दुपारी डोके शाबूत ठेवून बावीस गाई वाचवल्या, तो माणूस असे म्हणाला. ते ऐकले की मला माझी खिटी उपटून टाकावीशी वाटते.

म्हणून, मित्रांनो, एक विनंती आहे. बंद दार दिसले की त्याच्यापलीकडे कोण आहे ते बघा, आणि शंका आली तर लाजू नका, विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी कधी लाल कड्यांच्या त्या मुलखात खोली शोधत आलात, तर माझ्यापाशी डावीकडे वळण्याआधी संध्याकाळपर्यंत थांबा. एक म्हातारा येईल, निळ्या पिकअपमधून. त्याला एवढेच सांगा, की ते फाटक वाऱ्याने लागले होते.