मंगळवारची चटई

डॅरिलचा बावन्नावा वाढदिवस उजाडला, दुपारचा दीड वाजून गेला, तरी फोन काही वाजला नाही. मागच्या वर्षी याच दिवशी तीनशे चाळीस शुभेच्छा आल्या होत्या. "भाऊ, तू आमचा वाघ!" वगैरे. वाघाला तेव्हा फारच बरं वाटलं होतं.

त्या सगळ्या फोनवरच्या एका गटातल्या भाऊमंडळींच्या. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावातलं काम सुटलं, बायको अ‍ॅडलेडला निघून गेली, आणि विचारपूस करायला उरले ते फक्त स्क्रीनवरचे हे भाऊ. विचारपूस करता करता त्यांनी त्याच्या डोक्यात भरवलं, की तुझं वाटोळं बाहेरून आलेल्यांनी केलं. डॅरिलला ते पटलंही. मग त्यांनी गावातल्या मशिदीच्या मागच्या दाराचे फोटो मागितले. तेव्हा मात्र तो टरकला. असल्या गटांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी असलेल्या मदतीच्या नंबरवर त्यानं फोन केला आणि गट सोडला.

तिथून आलेली तालिया दर गुरुवारी घरी येते. "मी सहा महिनेच आहे हं," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आणि त्याला जवळजवळ ओढत बोल्स क्लबात नेऊन सोडलं. चटईवर उभं राहून हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ तो. तिथली मंडळी सगळी पंचाहत्तरीच्या पुढची. बोलतात काय, तर गुडघे आणि वारा. चार मंगळवार झाले, पण एकानंही त्याला घरचं काही विचारलं नव्हतं.

आजही मंगळवारच होता. डॅरिल स्वयंपाकघरात बसून राहिला. गटाचं अ‍ॅप त्यानं पुन्हा फोनवर घेतलं होतं. एक बोट लावायचं, की सगळे भाऊ हजर. ते पुन्हा फोटो मागणार, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी बोट पुढे गेलं. इतका एकटा पडला होता बिचारा.

तेवढ्यात फोन वाजला. बेव्ह, बोल्सच्या संघाची कप्तान, वय अठ्ठ्याहत्तर.

"अरे ए, कुठे उलथलायस? दीडची वेळ, पावणेदोन झाले!"

"आज नाही जमणार, बेव्ह. तुम्ही करा सुरू."

"म्हणे करा सुरू! चटई कोण टाकणार, माझा मेलेला नवरा?"

"टाकेल की दुसरं कुणी."

"पहिला खेळाडू तू. चटई टाकायची तू, नेमाचा पांढरा गोळा सोडायचा तू. इकडे क्लाइव्ह उन्हात उभा राहून वाळत चाललाय. बस म्हटलं तर ऐकत नाही म्हातारा."

अ‍ॅप न उघडताच फोन टेबलावर ठेवून डॅरिल निघाला.

हिरवळीवर तिघं खरंच तशीच उभी होती, गुंडाळलेली चटई पायाशी.

"आले राजे," क्लाइव्ह कुरकुरला.

वाढदिवसाचं कुणालाच माहीत नव्हतं. डॅरिलला सांगावंसं फार वाटलं, पण तो चटईकडे वळला. त्यानं वाकून चटई पसरली आणि वाकलेला असतानाच त्याचे डोळे भरून आले. महिनाभर तो नव्हता, तर तिकडे त्या तीनशे चाळीस जणांचं काही म्हणता काही अडलं नव्हतं. इथे तिघं अर्धा तास खोळंबून उभी होती.

"रडतोयस की काय रे?" बेव्हनं विचारलं.

"ऊन आहे डोळ्यांवर."

"मग पुढल्या मंगळवारी टोपी घेऊन ये. आणि टाक आता तो गोळा."