पौषात मोजलेली गल्ली

मित्रांनो, दारात का थांबलात? आत या, फक्त बुटांचा बर्फ मॅटवर झटका. मी एक जुना पोर्टेबल वर्ग आहे. शाळेच्या इमारतीत मुलं मावेनाशी झाली की मैदानात ठोकळ्यांवर आणून ठेवतात, ती एका खोलीची पत्र्याची पेटी म्हणजे मी. माझ्या दारावर सहाचा आकडा आहे. सगळे मला तात्पुरता म्हणतात. या तात्पुरतेपणात माझा पत्रा विटला आणि दारापुढच्या उताराच्या फळ्या दोनदा बदलून झाल्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. ट्रकवर बसून मी टोरोंटोच्या पश्चिमेच्या या गावात आलो, तेव्हा शाळेमागे मक्याची शेतं होती. बघता बघता शेतं गेली आणि घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. घरं भराभर येतात, त्यांच्यामागून मुलं येतात, शाळा मात्र सावकाश येते. मधल्या काळात मुलांनी बसायचं कुठे? माझ्यात.

मी काही फार सुखसोयींचा नाही. माझ्यात वॉशरूम नाही. पोराला जायचं झालं तर स्नोपँट, जॅकेट, टोपी सगळं चढवून इमारतीत जावं लागे, आणि ते परत येईतो गणिताचा तास संपलेला असे. काहींना ही सोय फार आवडायची! माझा हीटर घरघरायचा, जमीन पोकळ वाजायची. एका वर्षी माझ्या पोटाखाली स्कंकने, म्हणजे घाण वास सोडणाऱ्या त्या काळ्या-पांढऱ्या प्राण्याने, बिऱ्हाड थाटलं. त्या आठवड्यात माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते मी इथे सांगत नाही. पण चौथीच्या पॉलिन मिसनी मला कधी नावं ठेवली नाहीत. त्या मूळच्या वसईच्या. “माझा सहा नंबर म्हणजे बंगला आहे, बंगला,” असं त्या इमारतीतल्या शिक्षकांना ऐकवायच्या. मी नुसता फुगून जायचो.

त्यांच्या वर्गात ऊर्मी होती. खिडकीजवळची जागा तिची. त्या खिडकीतून मोठ्या रस्त्यापलीकडे बांधली जात असलेली नवी शाळा दिसे. त्या शाळेसमोरच्याच गल्लीत ऊर्मीच्या आईवडिलांनी घर घेतलं होतं, आणि तोवर ते एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. ऊर्मीची धाकटी बहीण गुंजन सप्टेंबरात बालवर्गात जायची होती. तिला अनोळखी माणसांची फार भीती. आईचं बोट सोडायची नाही. “मी तुला हाताला धरून नेणार, रोज,” असं ऊर्मीने तिला माझ्या पायरीवर बसून कितीदा तरी सांगितलं होतं.

कुठल्या मुलाला कुठली शाळा मिळणार हे कसं ठरतं, ते मला कळलं डिम्पलमुळे. ती शाळामंडळात आखणीचं काम करायची आणि पोर्टेबल बघायला म्हणून आली होती. ती पॉलिन मिसना म्हणाली, “जानेवारीत रजिस्ट्रेशन होतं ना, त्यावरून आम्ही प्रत्येक स्ट्रीटची मुलं काउंट करतो. मग मॅपवर लाइन काढतो. लाइनच्या आतली मुलं नव्या शाळेत. बाहेरची, जिथे रिकामे वर्ग असतील तिथे, बसने.” मला वाटलं, किती सोपं आहे! रेघ मारली की झालं.

त्याच जानेवारीत ऊर्मीची आई अस्मिता तिला न्यायला आली होती. पॉलिन मिसनी विचारलं, “गुंजनचं नाव घातलंस का गं?”

“नाही हो अजून. घराची किल्ली मिळालीय, पण पौष लागला ना. सासूबाई रोज फोनवर आहेत, पौषात गृहप्रवेश नाही म्हणजे नाही. माघात मूव्ह झालो की नव्या ॲड्रेसवर एकदमच करू.”

“अगं, घराचे पेपर्स दाखवून आत्ताच कर. राहायला नंतर जा.”

“पंधरा-वीस दिवसांनी काय होतंय?” अस्मिता हसली आणि ऊर्मीची बॅग उचलून निघाली.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी त्या दिवशी दार लावून घेतलं असतं आणि तिला म्हटलं असतं, बाई, आधी नाव घालून या! त्या गल्लीत बहुतेक आपलीच माणसं होती. कुणाला पौष आडवा आला, कुणी थंडीत सामान हलवायला नको म्हणून थांबलं. पडदे नाहीत, दिवे नाहीत. घरं विकली गेलेली, पण कागदावर त्या गल्लीत जवळजवळ मूलच नव्हतं.

माघात गल्ली उजळली. दारांना तोरणं लागली, ड्राइव्हवेवर बर्फ शोव्हल करता करता ओळखी झाल्या. आणि मार्चमध्ये रेघ जाहीर झाली. नवी शाळा भरलेल्या गल्ल्यांना मिळाली. कागदावर रिकामी असलेली ही गल्ली पार गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेला जोडली गेली. शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉल चालू होता, म्हणून गल्लीतल्या पालकांना डिम्पलने माझ्याच पोटात बसवलं. मोठी माणसं लहान खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

“आमच्या किचनमधून शाळा दिसते हो,” अस्मिता म्हणाली. “घर आमचंच होतं. फक्त राहायला गेलो नव्हतो.”

डिम्पलचा चेहरा पडला. “मला खरंच वाईट वाटतंय. पण तेव्हा जो नंबर होता त्यावर अप्रूव्ह झालं. आता काही वर्षं लाइन हलणार नाही. ऊर्मी हवं तर इथेच कंटिन्यू करू शकते. धाकटीला मात्र तिकडे जावं लागेल.”

ऊर्मी मागे कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी उभी होती. तिच्या मैत्रिणी इथे होत्या, पॉलिन मिस इथे होत्या.  तरी ती म्हणाली, “आई, आय विल गो विथ हर. ती बसमध्ये एकटी रडेल.” अस्मिताने तोंड फिरवलं. पॉलिन मिस उगीचच पुसलेला फळा पुन्हा पुसू लागल्या. मला अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त दुःख झालं. नऊ वर्षांच्या मुलीला आपली शाळा सोडावी लागली, आणि चूक तिची नव्हती.

जूनच्या शेवटच्या दिवशी ऊर्मीने माझ्या उताराच्या कठड्यावर निळ्या रंगात हाताचा ठसा उमटवला आणि ती गेली. पुढच्या वर्षी तिच्या जागेवर दुसरं कुणी बसलं. चांगलं मूल होतं, तक्रार नाही.

पण खरी थट्टा पुढेच झाली. नवी शाळा उघडली, आणि तिच्या वाट्याच्या गल्ल्यांत आणखी मुलं आली. दोन हिवाळे जातात न जातात तोच तीही पुरेना. मग मला ट्रकवर चढवून कुठे नेलं असेल? त्या नव्या शाळेच्या मैदानात! मला उभं केलं ते नेमकं ऊर्मीच्या घरासमोर. कठड्यासकट आलो मी. आता माझ्यात दुसऱ्या गल्ल्यांची मुलं बसतात, आणि सकाळी खिडकीतून मला रस्त्यापलीकडच्या बस स्टॉपवर उभ्या दोन बहिणी दिसतात.

एका शनिवारी शाळा बंद असताना दोघी मैदानात आल्या. ऊर्मीने कठड्यावरच्या निळ्या ठशावर हात ठेवला. हात आता मोठा झाला होता, बोटं बाहेर जात होती.

“ताई, व्हाय कान्ट वी जस्ट गो हिअर?” गुंजनने विचारलं.

 ऊर्मीने घरात ऐकलेलं सांगितलं, “मोजायला आले तेव्हा आपण घरी नव्हतो.”

मित्रांनो, मला रंग द्या, माझं छप्पर दुरुस्त करा, असं मी मागत नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यातलं कुणी मोठेपणी नकाशावर रेघा काढेल, तेव्हा ज्या घरात अजून दिवा लागला नाही त्याची आधी चौकशी करा. आणि कुणी नवं घर घ्याल, तर मुहूर्त जरूर बघा, घरात माघात जा, पण मुलाचं नाव तेवढं पौषातच घालून या.

ती बघा, पिवळी बस आली. गुंजन चढली, तिच्यामागून ऊर्मी. खिडकीतून ती रोज माझ्याकडे बघून हात हलवते. मला उलट हात हलवता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.