वीस गुणांचा विरोध

त्या सकाळी गफ्फारभाईंच्या गोदामात अकरा लोखंडी खाटा होत्या, चार पत्र्याची कपाटं, शिलाई मशीनचे सात पाय, दात काढायची एक खुर्ची, शाळेच्या मोडक्या बाकांची एक उतरंड आणि मागच्या भिंतीला लागून एक पियानो. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. एकोणऐंशी नीट वाजायच्या, पाच वाजल्यावर उशिरा वर यायच्या आणि अगदी टोकाकडच्या चार मुक्या होत्या. याशिवाय पुण्याहून आलेली तीन माणसं होती, आणि ती पियानो उचलायच्या बेतात होती.

"बाहेर नेऊ या," जयमाला मॅडम म्हणाल्या. "अंगणात, भंगाराच्या मधोमध. मागे सातपुडा दिसतोय. फ्रेम फार सुंदर येईल."

मॅडम पुण्याच्या एका संगीत प्रतिष्ठानात तरुण कलाकारांच्या करिअरचं काम बघायच्या. पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो वाजवणाऱ्या तीन मुलांना प्रतिष्ठान दरवर्षी बुडापेस्टला दोन वर्षं शिकायला पाठवायचं. फी, राहणं, जेवण, सगळं त्यांच्याकडे. यंदा शेवटच्या फेरीत अकरा जण उरले होते आणि त्यांत जळगाव जामोदची फलक होती, गफ्फारभाईंची मुलगी. वयाची अट एकोणीसची. नोव्हेंबरात फलक एकोणीस पूर्ण करणार होती, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय तिला नव्हती.

शेवटच्या फेरीचे शंभर गुण. वादनाला ऐंशी. उरलेले वीस 'प्रवासा'ला, म्हणजे प्रत्येकाच्या आयुष्यावर प्रतिष्ठान जी पाच मिनिटांची फिल्म बनवायचं तिला. फिल्म बघून देणगीदार हात सैल सोडतात, हे मॅडमनी काही लपवून ठेवलं नव्हतं.

"पेटी बाहेर जाणार नाही," फलक म्हणाली. गल्लीत सगळे पियानोला पेटीच म्हणत.

"दहाच मिनिटं गं."

"बाहेर त्रेचाळीस डिग्री आहे. आतली फळी तडकली की आवाज गेला. ओल लागू नये म्हून आम्ही इथं कूलरबी लावत नाई."

"किती गोड बोलतेस," मॅडम म्हणाल्या. "फिल्ममध्ये अशीच बोल हं. अजिबात सुधारू नकोस."

त्या क्षणापासून फलक छापील पुस्तकासारखं बोलू लागली.

पियानो जागेवरच राहिला. कॅमेरावाला हरिओम आधी शेजारच्या वच्छलाबाईंकडे वळला. मुलीच्या वाजवण्याला गल्लीतून विरोध होता का, असं त्याने विचारलं.

"होता ना," वच्छलाबाई म्हणाल्या. हरिओमने घाईघाईने कॅमेरा सरळ केला. "पाहाटी पाचले सुरू होते हे पोरगी. म्या हजारदा सांगतलं, सहाले वाजव बाई. आयकते थोडी?"

"म्हणजे वाजवूच नये, असं नाही वाटलं?"

"काऊन? तिनं एक दिवस नाई वाजवलं त माही म्हैस बेचैन होते."

हरिओमने कॅमेरा खाली केला.

"आता तू," मॅडम फलकला म्हणाल्या. "घरच्यांचा विरोध, समाजाचा विरोध, यावर दोन-तीन वाक्यं. मुलीच्या जातीनं हे वाजवणं, त्यातून तुमच्यात… कळतंय ना मला काय म्हणायचंय?"

"कोणाचा विरोध?"

"सुरुवातीला तरी असेलच की."

फलकने खरोखरच आठवून पाहिलं. भुसावळला साहेबलोकांचा एक जुना क्लब मोडीत निघाला, तेव्हा अब्बांनी ही पेटी एका बिलियर्डच्या टेबलासोबत उचलली होती. लाकूड विकायचं म्हणून. सात वर्षांच्या फलकने पट्ट्या बडवायला सुरुवात केल्यावर ते लाकूड विकायचं राहून गेलं. आतलं उंदरांनी कुरतडलेलं बनातीचं कापड अब्बांनी बिलियर्डच्या हिरव्या कापडातून कापून, एकेका पट्टीखाली बसवलं. दर शनिवारी दुकानाला कुलूप लावून त्यांनी तिला अकोल्याला नेलं. तिथे चर्चमध्ये वाजवणारे प्रेमानंद सर तिला शिकवायचे, आणि अब्बा बाहेर निंबाखाली बसून राहायचे. अम्मीचा विरोध जेवण थंड करण्याला होता. एक मामू मात्र बोलले होते, पेटी काय जहेजमध्ये देणार का म्हणून. त्यांना अब्बांनी चहा पाजून बसस्टँडवर सोडलं होतं.

"विरोध नव्हता," फलक म्हणाली.

मॅडमनी सुस्कारा सोडला. "हे बघ, वीस गुणांचा प्रश्न आहे. बाकीची दहा मुलं मोठ्या शहरांतली आहेत. त्यांच्याकडे सांगायला काय आहे? तुझ्याकडे आहे. तू ते वापरत नाहीस."

इतका वेळ दाराशी उभे असलेले गफ्फारभाई पुढे आले.

"मॅडम, मी बोलतो ना. पह्यले म्या नाई म्हनलं. पेटी तोडाले निंगालो. मंग पोरीनं वाजवून दाखोलं अन् मन पालटलं. असंच पायजे ना तुमाले?"

"अगदी असंच," मॅडम म्हणाल्या, आणि हरिओमला खूण केली.

गफ्फारभाईंनी टोपी नीट केली, शर्टाची वरची गुंडी लावली आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. चेहरा रागीट करायचा प्रयत्न करताना त्यांच्या भुवया नुसत्याच वर गेल्या.

"अब्बा, बाजूला व्हा," फलक म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "ज्यांनी पेटी जोडली, ते ती तोडायला निघाले होते, असं मी बोलणार नाही. त्यांनाही बोलू देणार नाही. पेटी कशी वाजते हे तुम्हाला घ्यायचं असेल, तर घ्या. मी आत्ता वाजवते."

"नुसत्या वाजवण्याला फिल्म म्हणत नाहीत, फलक. रकाना रिकामा राहिला तर शून्य पडतं."

"पडू द्या."

मॅडमनी आणखी अर्धा तास समजावलं. नंतर त्यांची गाडी नांदुऱ्याच्या रस्त्याला लागली.

जेवताना गफ्फारभाई भाकरी कुस्करत बसले, घास काही घेईनात.

"वीस म्हंजे वीस असतात, बेटा. माह्यं काय जात होतं?"

"तुमचं नाई. माह्यं जात होतं."

"तुह्यं काय?"

"थे फिल्म जलमभर राहते, अब्बा. जिथं वाजवाले जाईन तिथं पह्यले थे लावतीन. मंग लोक माह्या हाताकडं पाह्यतीन का तुमच्याकडं?"

"पाह्यू दे. मी काय तिथं बसलेलो राह्यतो?"

"मामूले बोलवा," अम्मी तव्यापाशी बसून म्हणाली. "थे आनंदानं इरोध करतीन. एक कप चाहात काम होते."

गफ्फारभाई हसले नाहीत. पण त्यांनी पहिला घास घेतला.

फलकने प्रेमानंद सरांना फोन केला. झालेलं सगळं सरांना सांगितलं.

"वादनाला ऐंशीपैकी ऐंशी कोणालाच मिळत नाहीत," ते म्हणाले. "तुलाही मिळणार नाहीत. पहिल्या तिघांत यायचं तर बाकीच्यांना वीस जास्तीचे आहेत, हे धरून चाल."

"धरलंय, सर."

"मग सोनाटाच्या दुसऱ्या पानावर डावा हात घाई करतोय, ते बघ."

पुण्यात सभागृहाच्या मधोमध एक काळा लांबलचक पियानो होता. त्याची प्रत्येक पट्टी बोट उचलताच वर यायची. सरावाला मिळालेल्या दहा मिनिटांत फलक तेवढंच करून बघत राहिली. दाबायची, सोडायची. गोदामातल्या उशिरा वर येणाऱ्या पाच पट्ट्यांसाठी तिने स्वतःची एक युक्ती बसवली होती. पट्टी दाबून झाली की अंगठा तिच्या कडेखाली सरकवायचा आणि ती हलकेच वर उडवायची. हे इतकं भरभर व्हायचं, की प्रेमानंद सरांच्याही ते वर्षभर लक्षात आलं नव्हतं. लक्षात आल्यावर त्यांनी ते मोडायला दोन वर्षं घालवली, आणि ते मोडलं असं दोघांनाही वाटत होतं.

बाखची रचना नीट गेली. सोनाटाच्या दुसऱ्या पानावर डाव्या हाताने घाई केली नाही. त्याच आनंदात उजवा अंगठा कडेखाली गेला. तिथे उचलायला काहीच नव्हतं. परत येताना तो शेजारच्या पट्टीवर पडला आणि एक परका सूर सभागृहभर स्पष्ट वाजला. फलक थांबली नाही. पुढच्या ओळीला तिने हात आणखी मोकळा सोडला, आणि शेवटचं पान तिने आजवर कधीच वाजवलं नव्हतं तसं वाजवलं.

तीन परीक्षकांत मधोमध नारायणराव नावाचे वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी चष्मा काढला.

"दुसऱ्या पानावर अंगठा घसरला. तुमच्या घरचा पियानो सदोष आहे, असं अर्जात आहे. त्यामुळे झालं का? तसं असेल तर आम्ही नोंद घेऊ शकतो."

नोंद घेणं म्हणजे चूक पियानोच्या नावावर टाकून गुण न कापणं, हे फलकला कळत होतं. समोरचा माणूस मनाने भला दिसत होता, म्हणून उत्तर देणं आणखी अवघड झालं.

"पियानो घरी आहे, सर," ती म्हणाली. "अंगठा इथे माझा होता. चूक धरा."

नारायणरावांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहिलं.

बाहेर जयमाला मॅडम वाट बघत होत्या. त्यांनी तिला खिडकीपाशी नेलं आणि आवाज खाली आणला.

"शेवटचं पान मी दारातून ऐकलं. फलक, मी तुझ्या बाजूची आहे. सहा वाजेपर्यंत रकाना उघडा आहे. फिल्म नको, नुसतं फोनवर एक मिनिट बोल. वडिलांनी सुरुवातीला परवानगी दिली नाही, एवढं एकच वाक्य. फोटो आम्ही लावू."

"वडील खाली बसलेत, मॅडम. त्यांनाच विचारा परवानगी कधी दिली."

"त्यांना विचारलं तर ते पुन्हा हो म्हणतील, तुलाही माहीत आहे."

"म्हनून त मी नाई म्हनून राह्यली," फलक म्हणाली. या वेळी तिने भाषा बदलली नाही.

पायऱ्यांवर गफ्फारभाई रुमालात बांधलेली भाकरी घेऊन बसले होते. सहा वाजेपर्यंत ती दोघं तिथेच जेवली, चहा प्यायली, आणि मग बसस्टँडकडे निघाली.

निकाल त्या शुक्रवारी आला. वादन, ऐंशीपैकी त्र्याहत्तर, अकरा जणांत दुसरी. प्रवास, वीसपैकी शून्य. एकूण त्र्याहत्तर, क्रमांक चौथा. तिसऱ्या क्रमांकाचे गुण साडेचौऱ्याहत्तर.